जीप, झोत आणि रात्रीची शिकार

माणदेशात रात्री प्रवास करणाऱ्याला एक दृश्य हमखास दिसते. दहिवडी, म्हसवड, आटपाडी किंवा जत या बाजूच्या रस्त्यावरून गाडी जात असते, चहूकडे मिट्ट काळोख असतो आणि दूर माळावर एखादा प्रकाशाचा ठिपका हलत असतो. तो शेतकऱ्याच्या हातातील बॅटरीचा असू शकतो. विहिरीवरची मोटर चालू करायला किंवा दाऱ्यावर पाणी वळवायला तो निघालेला असतो, कारण शेतीपंपांना वीज आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा तर कधी रात्री देण्याची पद्धत या राज्यात वर्षानुवर्षे रुळली आहे. मेंढरांच्या वाड्याभोवती लांडगा फिरतो आहे की काय, हे पाहणाऱ्या मेंढपाळाचाही तो असू शकतो. आणि कधीकधी तो ठिपका ठिपका राहत नाही. त्याचा एक लांबलचक पांढरा पट्टा होतो, तो माळावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरतो, मध्येच थबकतो आणि तिथेच स्थिरावतो. त्या स्थिरावण्याचा अर्थ या भागातील कोणत्याही जाणत्या माणसाला सांगावा लागत नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत रात्रीच्या शिकारीला लोक साध्या शब्दांत ‘फोकस मारणे’ म्हणतात. यात फोकस हा मुख्य आणि बंदूक दुय्यम, हे त्या शब्दप्रयोगातच सुचवलेले आहे. वनखात्याच्या कारवाईच्या ज्या बातम्या अधूनमधून स्थानिक पानांवर झळकतात, त्यांतील जप्तीचा ऐवज बहुधा ठराविक असतो. ठासणीची किंवा छऱ्याची बंदूक, काडतुसे, कोयता, डोक्याला बांधायची बॅटरी आणि एखादे वाहन. या यादीत बंदुकीची चर्चा होते, कोयत्याचे छायाचित्र छापले जाते. पण वाहन आणि त्यावर बसवलेला दिवा यांच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. वास्तविक गेल्या पाऊणशे वर्षांत या देशातील मोकळ्या माळावरचे वन्यजीवन ज्यांनी संपवत आणले, त्यांत बंदुकीइतकाच, किंबहुना बंदुकीहून अधिक, वाटा या दोन निरुपद्रवी दिसणाऱ्या वस्तूंचा आहे.

हा दिवा विकत मिळणाऱ्या शिकारी साहित्यापैकी नसतो. आपल्याकडे शिकारीला बंदी असल्याने तसे साहित्य उघडपणे कोणी विकत नाही. जे असते ते घरी किंवा गावच्या गॅरेजात जमवलेले असते. जुन्या काळी ट्रकचा हेडलाइट काढून त्याला मूठ बसवीत आणि वडापच्या जीपच्या बॅटरीवरून त्याला वायर ओढीत. शंभर वॅटचा हॅलोजन बारा व्होल्टवर आठ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. त्यामुळे इंजिन बंद ठेवून फार वेळ फोकस मारला की बॅटरी बसे आणि गाडी ढकलावी लागे. त्या अडचणीने बऱ्याच रात्री आपोआप लवकर संपत असत. एलईडी आल्यापासून ती अडचण उरली नाही. तेवढाच उजेड आता जेमतेम पाव विजेत मिळतो, दिवा तापत नाही, आकाराने लहान असतो आणि सजावटीच्या नावाखाली टपावर किंवा पुढच्या लोखंडी गार्डवर दिवसाढवळ्या बसवून घेता येतो. ज्या गाडीवर अशा दिव्यांची ओळ लागलेली असते ती प्रत्येक गाडी शिकाऱ्याची असते, असे मुळीच नाही. बहुतेकांना केवळ मिरवायची हौस असते. मात्र या हौसेच्या गर्दीत ज्याला लपायचे असते, त्याला लपायला जागा मिळते.

प्रकाशाचा हा उपयोग एवढा प्रभावी का, याचे उत्तर प्राण्यांच्या डोळ्यांत आहे. रात्री हिंडणाऱ्या अनेक सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा एक थर असतो. डोळ्यात शिरलेला प्रकाश एकदा दृष्टिपटलातून गेल्यावर या थरावरून परततो आणि पुन्हा त्याच दृष्टिपटलातून जातो. चांदण्याच्या अंधूक उजेडातही हरीण पाहू शकते ते या दुहेरी वापरामुळे. निसर्गाने जगण्यासाठी दिलेली ही सोय फोकससमोर घात करते. परतलेला प्रकाश शिकाऱ्याला दोनशे पावलांवरून दोन जळत्या ठिपक्यांच्या रूपात दिसतो आणि प्राण्याला मात्र त्या झगझगाटापलीकडचे काहीच दिसत नाही. मंद प्रकाशासाठी बनलेला त्याचा डोळा क्षणभरात दिपतो. पळावे कुठे, हे कळत नसल्याने तो उभा राहतो. दिवसा ज्या काळविटाच्या जवळपास माणूस पायी फिरकू शकत नाही, आणि जो ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या वेगाने धावतो, तो रात्री असा पुतळ्यासारखा उभा राहतो. याला शिकार म्हणावे की नाही, हा प्रश्न जुन्या काळच्या शिकाऱ्यांनीही विचारला होता.

हा प्रश्न विचारण्याचे सर्वांत गाजलेले निमित्त मुंबईतच घडले. १९४७-४८च्या सुमारास आज छत्तीसगडमध्ये असलेल्या कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्री मोटारीने जात असताना प्रकाशात शेजारी शेजारी बसलेले तीन चित्ते टिपले. तिन्ही नर होते. त्याचा वृत्तांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे आला, तेव्हा तो केराच्या टोपलीत टाकावा अशीच संपादकांची पहिली इच्छा झाली. तो छापला गेला, तो मारणाऱ्याविषयीची घृणा नोंदवण्यासाठी. हे चित्ते भारतातील शेवटच्या खात्रीशीर नोंदीतील मानले जातात. १९५२ साली चित्ता या देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर सत्तर वर्षांनी, सप्टेंबर २०२२मध्ये, नामिबियातून आठ चित्ते विमानाने कुनोत आणावे लागले. ज्या प्राण्याचा अखेरचा कळप एका मोटारीच्या उजेडात संपला, त्याच्यासाठी आपण काय खर्च केला, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

या कथेचा एक धागा आपल्याच भागात येतो. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविण्याची प्रथा होती आणि त्यासाठी चित्तेवानांची घराणी पोसली जात. तिथे चित्त्याला बैलगाडीवर बसवून कळपाजवळ नेत. काळवीट बैलगाडीला बुजत नाही, हे त्यामागचे गणित. वाहनाचा आडोसा करून जनावरापर्यंत पोहोचण्याची कल्पना अशी जुनीच. परंतु बैलगाडीचा वेग, चित्त्याचा दम आणि पोसण्याचा खर्च या मर्यादा त्या कल्पनेला बांधून ठेवीत होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या जीपगाड्या बाजारात आल्या, पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि या मर्यादा एका दशकात गळून पडल्या. चारही चाकांना ताकद देणारे हे वाहन रस्ता नसलेल्या माळावर, ओढ्यात, नांगरटीत कुठेही जाई. स्वातंत्र्याच्या पहिल्या उत्साहात पीकसंरक्षणासाठी बंदुकीचे परवानेही सढळ हाताने मिळाले. पन्नास आणि साठच्या दशकांत दख्खनच्या माळांवरून काळविटांचे मोठे कळप नाहीसे झाले, त्याची मुख्य कारणे ही दोन. उरलेले काम शेतीच्या विस्ताराने केले.

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचा मसुदा तयार करण्यात वांकानेरच्या राजघराण्यातील एम. के. रणजितसिंह यांचा वाटा मोठा होता. शिकारीचे जग आतून पाहिलेला हा माणूस होता. मूळ कायद्याच्या १७व्या कलमात ते स्पष्ट दिसते. चाकांच्या किंवा यंत्राने चालणाऱ्या वाहनातून शिकार करू नये, वाहनाने जनावरांना हाकू नये, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत शिकार करू नये, कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने शिकार करू नये, अशी त्यात एकेका गोष्टीची नोंद होती. खास परवाना घेऊन मांसाहारी प्राणी मारण्याचा तेवढा अपवाद होता. त्या वेळी शिकारीवर सरसकट बंदी नव्हती, परवाना पद्धत होती. म्हणून शिकार कशी करू नये हे सांगणे भाग होते. १९९१च्या दुरुस्तीने चित्र पालटले. परवान्याची शिकार संपली आणि शिकारच नको, असे कायद्याने म्हटले. मग ती कशी करावी किंवा करू नये, हे सांगण्याचे कारण उरले नाही आणि १३ ते १७ ही कलमे गळाली. तर्कदृष्ट्या यात काहीच चूक नाही. प्रत्यक्षात मात्र वाहन आणि झोत हे शब्द शिकारीच्या निषिद्ध पद्धतींच्या यादीतून गेले आणि त्यांच्याबरोबर या दोन वस्तूंकडे संशयाने पाहण्याची सवयही गेली.

आजची स्थिती अशी. अभयारण्याच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणे हाच गुन्हा आहे. कोयनेच्या जंगलात किंवा चांदोलीत कोणी बंदूक आणि फोकस घेऊन सापडला, तर त्याने काही मारले की नाही हे पाहण्याची गरज नाही. हद्दीबाहेर मात्र गोष्ट वेगळी होते. शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणे, पाठलाग करणे आणि तसा प्रत्येक प्रयत्न यांचा समावेश आहे, हे खरे. पण तो प्रयत्न होता हे सिद्ध करावे लागते. गाडीत परवान्याची बंदूक आहे, टपावर दिवे आहेत, रात्रीचे दोन वाजले आहेत आणि माणूस म्हणतो, मी शेताची राखण करायला निघालो आहे. त्याचे शेत खरोखरच तिथे असते. सशाचे रक्त गाडीत सापडले तर गोष्ट निराळी, नाहीतर वनरक्षकाने काय करावे? त्याच्या हातात काठी असते आणि समोर चार माणसे.

अडचण अशी की, या दोन जिल्ह्यांतील रात्रीची वाहनावरची शिकार होते ती मुख्यत्वे संरक्षित क्षेत्राबाहेर. सह्याद्रीच्या दाट जंगलात जीपला वाटच नाही. तिथे फासे आणि ठासणीची बंदूक चालते. जीप चालते ती माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळच्या माळांवर, गायरानांत आणि सड्यांवर. तिथे ससे, चिंकारा, रानडुक्कर, साळिंदर, कोल्हे, खोकड, तित्तर आहेत आणि लांडग्यांची तुरळक कुटुंबे आहेत. यातल्या कित्येक जागा महसूल खात्याच्या कागदावर पडीक जमीन म्हणून नोंदलेल्या असतात. पडीक जमिनीवर कोण काय मारतो, याची चिंता कोणी करीत नाही.

पश्चिमेकडच्या सड्यांची कहाणी त्याहून चमत्कारिक आहे. पाटण तालुक्यातील वनकुसवडे आणि सातारा तालुक्यातील चाळकेवाडीच्या पठारांवर विसाव्या शतकाच्या अखेरीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वारा स्वच्छ, वीज स्वच्छ, आणि जंगलतोडही फारशी नाही, म्हणून त्यांचे स्वागत झाले. परंतु पवनचक्कीचे एकेक पाते ट्रेलरवरून नेण्यासाठी जो रुंद, चढ बेताचा असलेला रस्ता लागतो, तो पठाराच्या टोकापर्यंत गेला. त्याला फाटे फुटले. ज्या सड्यावर पूर्वी जायला दोन तासांची चढण होती, तिथे कोणतीही साधी मोटार रात्री अकरा वाजता पोहोचू लागली. उघडे सपाट कातळ, आखूड गवत, आडोसा नाही. फोकस मारायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. रस्ता आणि दिवा एकत्र आले की काय होते, याचा विचार पर्यावरणाच्या परवानग्या देताना कोणी केला होता काय? पुढे ढालगाव आणि जतच्या बाजूलाही पवनचक्क्या गेल्या आणि तिथल्या माळांवरही हाच प्रकार झाला.

शेतकऱ्याची बाजू इथे टाळून चालणार नाही, कारण ती बनावट नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, उरमोडी या उपसा आणि कालवा योजनांचे पाणी दुष्काळी पट्ट्यात पोहोचले, तसा तिथे ऊस आणि मका आला. रानडुकराला उसाइतका चांगला आसरा दुसरा नाही. एका रात्रीत एक कळप गुंठ्यामागून गुंठा मका आडवा करतो. भरपाईचे अर्ज, पंचनामे, छायाचित्रे यांत हंगाम निघून जातो. २०२३ साली राज्याने भरपाईसाठी स्वतंत्र कायदा केला तरी गावपातळीवर कागद हलायला लागतो तेवढा वेळ लागतोच. २०१५मध्ये राज्य शासनाने पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांना आणि नीलगायींना वनखात्याच्या परवानगीने मारण्याची मुभा दिली. ही मुभा गैर होती असे आम्हाला वाटत नाही. पण रात्रीच्या काळोखात, दोनशे पावलांवरून, झोतात चमकणारे दोन डोळे कोणाचे आहेत हे ओळखण्याची हमी कोण देणार? रानडुकराच्या नावाने निघालेल्या छऱ्यांनी भेकर पडते आणि ते रात्रीतच वाटून टाकले जाते. परवानगी ज्याच्या पिकाची हानी झाली त्याला असते. फोकस आणि बंदूक बहुधा दुसऱ्याच कोणाची असते. शस्त्र कायद्याने खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय ठेवली आहे. ठासणीची बंदूक एक बार काढल्यावर पुन्हा भरायला वेळ लागतो. ती सोय करणाऱ्यांनी कदाचित हाच विचार केला असेल. गाडीत बसून चार नळ्या झाडण्याशी तिचा काही संबंध नाही.

यात आणखी एक भेद आहे आणि तो सांगायला संकोच वाटतो. वाघर लावून ससा किंवा तित्तर धरणारा फासेपारधी पोलीस ठाण्याच्या यादीत आयुष्यभर असतो. त्याच्या आजोबांना इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला तरी नजर बदलली नाही. गाडीवर दिवे लावून निघणारा माणूस मात्र गावातला प्रतिष्ठित असतो, त्याचे पाहुणे शहरातून आलेले असतात आणि त्याच्या शेतघरावर दुसऱ्या दिवशी जेवण असते. कायद्यापुढे दोघांचा गुन्हा एकच आहे. मारलेल्या जनावरांच्या संख्येत मात्र मोठा फरक पडतो: एकाच्या पायाखाली एक शिवार असते, दुसऱ्याच्या चाकांखाली एका रात्रीत तीन तालुके. या प्रतिष्ठेपुढे कायद्याची गती किती मंद होते, याचे देशभर ठाऊक असलेले उदाहरण राजस्थानचे आहे. जोधपूरजवळ कांकाणी गावात ऑक्टोबर १९९८च्या एका रात्री जिप्सी गाडीतून काळविटांवर गोळ्या झाडल्याच्या प्रकरणात अभिनेता सलमान खान याला कनिष्ठ न्यायालयाने दोषी ठरवले ते एप्रिल २०१८मध्ये, जवळजवळ वीस वर्षांनी. त्यावरही अपील झालेच. तिथे बिष्णोई समाज पाठीशी उभा होता म्हणून प्रकरण एवढे तरी चालले. आपल्या माळांवर ससा आणि चिंकाऱ्यासाठी असे उभे राहणारे कोण आहे?

शिक्षेची तरतूद कमी आहे, असे म्हणता येत नाही. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या परिशिष्टातील प्राण्यांच्या बाबतीत किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आणि किमान पंचवीस हजारांचा दंड आहे. चिंकारा, काळवीट, गवा, बिबट्या हे सारे त्या परिशिष्टात येतात. शिक्षेपेक्षाही धाक आहे तो ३९व्या कलमाचा. गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले वाहन सरकारजमा होते, असे ते कलम म्हणते. दहा-बारा लाखांची गाडी जाणार म्हटल्यावर हौशी माणूस चार वेळा विचार करतो. सात वर्षांची कैद त्याला खरी वाटत नाही, गाडी मात्र खरी वाटते. परंतु मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८मध्ये असा निर्वाळा दिला की, केवळ जप्ती झाली एवढ्याने वाहनाची मालकी सरकारकडे जात नाही. ते गुन्ह्यात वापरले गेले हे न्यायालयात ठरले पाहिजे, आणि तोवर दंडाधिकारी ते तात्पुरते मालकाच्या ताब्यात देऊ शकतात. न्यायाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. खात्याच्या संशयावर कोणाची मालमत्ता कायमची जाऊ नये. पण त्याचा व्यवहारातला परिणाम हा की, जातमुचलका भरून गाडी परत मिळते आणि खटला रेंगाळत राहतो. त्याच गाडीवर त्याच ठिकाणी पुन्हा दिवे लागतात. ताबा देताना दंडाधिकाऱ्यांनी अटी घालाव्यात, वाहनावरील जादा दिवे काढून खात्याकडे जमा ठेवावेत, एवढे तरी सरकारी वकिलांनी मागायला हरकत नसावी.

गंमत अशी की, या दिव्यांवर बंदी आधीच आहे, फक्त ती वन्यजीव कायद्यात नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १११व्या नियमाने कोणत्याही मोटारीच्या पुढच्या भागावर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास मनाई केली आहे. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेऊनच ते लावता येतात. २०१९च्या दुरुस्तीने वाहनात परवानगीशिवाय फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. ज्या लोखंडी गार्डवर हे दिवे बसवले जातात, त्या गार्डवरही केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितले होते. म्हणजे वनरक्षकाला शिकार सिद्ध करता येवो न येवो, कराडच्या किंवा विट्याच्या चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला तो दिवा तिथल्या तिथे काढायला लावता येतो. रक्ताचा डाग लागत नाही, साक्षीदार लागत नाही, प्रयोगशाळेचा अहवाल लागत नाही. दिवा दिवसाही दिसतो!

हे होत नाही याचे कारण सरळ आहे. वाहतूक पोलिसाला तो दिवा रस्त्यावरील समोरच्या चालकाचे डोळे दिपवणारी वस्तू वाटते. ती तशी आहेही. महामार्गावरच्या अपघातांच्या दृष्टीनेही त्या नियमाची अंमलबजावणी व्हायला हवी. पण माळावरचे डोळे त्याच्या कामाचा भाग नसतात. परिवहन खात्याला वनखात्याचे पत्र जात नाही, वनखाते हद्दीबाहेरच्या मोटारींकडे पाहत नाही आणि महसूल खात्याला गायरान म्हणजे सातबाऱ्यावरची एक नोंद. तीन खात्यांच्या मधल्या फटीतून ती गाडी रात्री निघून जाते. वन्यजीव कायद्याच्या ५०व्या कलमाने उपनिरीक्षक आणि त्यावरील पोलीस अधिकाऱ्यालाही वाहन थांबवून झडती घेण्याचा अधिकार दिला आहे, हे किती पोलीस ठाण्यांत ठाऊक असते, कोण जाणे.

इतर देशांत काय चालते, हे पाहिले तर आपल्या वाटेचा वेगळेपणा लक्षात येतो. ऑस्ट्रेलियात कांगारूंची व्यापारी शिकार रात्रीच, चारचाकी गाडीवरून आणि झोताच्या प्रकाशातच होते. मात्र तिथे परवानाधारक नेमबाज असतात, वार्षिक मर्यादा ठरलेली असते आणि गोळी मेंदूतच लागली पाहिजे, अशी आचारसंहिता आहे. इंग्लंडमध्ये हरणांविषयीच्या १९९१च्या कायद्याने रात्री हरीण मारणे सामान्यतः निषिद्ध केले आणि मोटारीतून गोळी झाडण्यावरही निर्बंध घातले. दोन्ही देशांनी शिकार चालू ठेवली, म्हणून तिची साधने मोजली. आपण शिकार बंद केली आणि साधने मोजायचे सोडून दिले.

या साऱ्याला आता एक नवे निमित्त आले आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून जानेवारी २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत तो पसरला आहे. वर्षानुवर्षे तो वाघांविना व्याघ्र प्रकल्प म्हणून थट्टेचा विषय होता. मे २०१८मध्ये कॅमेऱ्यात वाघ आला, नंतर अधूनमधून नर वाघ दक्षिणेकडून येत राहिले, पण वाघिणी नव्हत्या. अखेर विदर्भातून आठ वाघ टप्प्याटप्प्याने आणण्यास केंद्राने मान्यता दिली आणि नोव्हेंबर २०२५मध्ये ताडोब्यातील पहिली वाघीण चांदोलीत दाखल झाली. त्याआधी प्रकल्पात भक्ष्य वाढावे म्हणून सागरेश्वरचे चितळ तिथे सोडण्याचे काम सुरू झाले होते. सागरेश्वर म्हणजे कडेगाव-पलूसच्या उघड्या डोंगरांवर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभे राहिलेले, कुंपण घातलेले, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे अभयारण्य. माणसाने लावलेल्या झाडांखाली वाढलेली ही हरणे आता चांदोलीच्या वाघांसाठी जात आहेत.

वाघ मात्र कुंपणात राहत नाही. तरुण वाघ नवी जागा शोधत प्रकल्पाबाहेर पडतो आणि शिराळा, पाटण, जावळीच्या शिवारांतून, उसातून, सड्यांवरून प्रवास करतो. बिबटे तर कराड आणि वाळव्याच्या उसात आधीच घर करून आहेत. त्या शिवारात भेकर, रानडुक्कर आणि ससा उरला नाही, तर तो वासरावर आणि कुत्र्यावर येणार, आणि मग गावात मोर्चा निघणार. भेकर कुठे गेले, हे मोर्चात कोणी विचारणार नाही. शिवाय झोतात दिसणारे दोन डोळे, डुक्कर समजून झाडलेली गोळी आणि वाघ, ही तीन गोष्टी एका रात्री एकत्र येण्याची भीती काल्पनिक नाही.

आटपाडी तालुक्यातले माडगूळ हे व्यंकटेश माडगूळकरांचे गाव. हाती बंदूक घेऊन याच माळांवर हिंडलेला हा लेखक पुढे प्राण्यांकडे पाहत बसण्यासाठी रानात जाऊ लागला; वानरांच्या टोळ्यांवरची त्यांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी त्या पाहत बसण्यातूनच आली. ते पायी हिंडत. आज त्यांच्या गावाबाहेरच्या माळावर गवत आहे, काही ठिकाणी टेंभूचे पाणी आहे, आणि रात्री पाळीची वीज आली की विहिरींवर दिवे हलताना दिसतात. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली सुरू झालेल्या सौर कृषी वाहिनी योजनेचे पुढचे टप्पे पुरे झाले, तर शेतकरी रात्री घरी झोपेल. मग माळावर जो उजेड दिसेल त्याला शेताचे निमित्त सांगता येणार नाही, आणि गस्तीवरच्या वनरक्षकाला तो कोणाचा, हे विचारणे थोडे सोपे जाईल.